उनाड

मागच्या एप्रिलमधली गोष्ट आहे, लिहीन लिहीन म्हणत राहूनच गेली. पोहण्याची स्पर्धा संपवून घरी आले, निकाल ऑनलाइन लागले होते, लिंक आईला पाठवली. आई पुण्यात, तिच्याकडे सकाळ. पाच मिनिटांत फोन. "पन्नास यार्डात तिसरी आलीस ते कळलं गं, पण तुझ्या नावापुढे हे उनाड काय लिहिलंय?"

उनाड नव्हतं, यूएनएटी होतं. अनअटॅच्डचं लघुरूप. म्हणजे कुठल्याच क्लबची नसलेली, मोकाट. आईने ते उनाट असं वाचलं आणि उनाट काही शब्द नाही म्हणून स्वतःच दुरुस्त करून उनाड केलं. बाकी सगळ्यांच्या नावापुढे क्लबचं नाव, आणि लेकीच्या नावापुढे उनाड. मी हसले खरी, पण त्या दिवशी त्या चार अक्षरांपायी जे झालं होतं ते आठवून पोटात जरा कालवलं.

आधी थोडं मागचं सांगते. मी पोहायला शिकले टिळक टँकवर, उन्हाळ्याच्या बॅचला, पाठीला डबा बांधून. शाळेत असताना थोड्याफार स्पर्धा, मग दहावी, मग सगळं बंद, हे आपल्याकडे जसं सगळ्यांचं होतं तसंच. नवऱ्याच्या नोकरीमुळे ओरेगनला आलो, पोर्टलंडच्या पश्चिमेला, इथे वर्षातले आठ महिने पाऊस आणि बाकी चार महिने पाऊस कधी येतोय याची चर्चा. चाळिशीच्या तोंडावर पाठ धरायला लागली म्हणून परत पाण्यात उतरले. सकाळी पावणेसहाला मोठ्या माणसांची बॅच असते, तिला इथे मास्टर्स म्हणतात. मला पहिल्यांदा वाटलं की मास्टर्स म्हणजे एकदम पट्टीचे पोहणारे असणार, आपण कशाला जा. तसं काही नसतं. अठरा वर्षं पूर्ण झाली की तुम्ही मास्टर, मग तुम्ही माशासारखे पोहा नाहीतर म्हशीसारखे.

या प्रकाराची सुरुवात अमेरिकेत नौदलातल्या एका डॉक्टरने करून दिली, रॅन्सम आर्थर त्याचं नाव. मोठ्या माणसांना नुसतं व्यायाम करा म्हणून सांगितलं तर ती करत नाहीत, स्पर्धा ठेवली तर करतील, अशी साधारण त्याची कल्पना. १९७० मध्ये टेक्ससमधल्या अमरिलोला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, पन्नाससुद्धा लोक नव्हते म्हणे. आता देशभरात ५२ स्थानिक समित्या आहेत आणि वयोगट १८ ते २४ पासून सुरू होऊन पाच पाच वर्षांनी वर जातात ते थेट शंभरीच्या पुढे. डॉक्टरची कल्पना बरोबर होती हे मी स्वतःवरून सांगते, कारण स्पर्धेचा फॉर्म भरल्याशिवाय मी कधीही फ्लायचा, म्हणजे बटरफ्लायचा, सराव केलेला नाही.

तर ज्या वर्षी मी सभासद झाले त्या वर्षी ऑनलाइन फॉर्म भरताना एक प्रश्न आला, तुमचा क्लब कोणता. खाली लांबलचक यादी. मला वाटलं क्लब म्हणजे अजून कुठलीतरी वेगळी फी, दर महिन्याला पैसे जाणार, आणि मी तर आधीच टँकची फी भरतेय. यादीत एक पर्याय अनअटॅच्ड असाही होता. घरी नवरा म्हणाला, "अगं टाक तेच, पुढे बदलता येईल." टाकलं. वर्षभर काही फरकच पडला नाही. सराव तोच, बॅच तीच, कोचची आरडाओरड तीच. एकट्याने पोहायच्या शर्यतींत तर अनअटॅच्ड माणसाला काही आडकाठी नसते, हीट मिळते (म्हणजे शर्यतीची एक तुकडी), लेन मिळते, टाइम नोंदला जातो, नंबर लागतो. फक्त तुमचे गुण कुठल्या संघाच्या खात्यात जमा होत नाहीत. मला कुठे संघाचं पडलं होतं!

आता एप्रिल. यार्डांच्या टँकमधली स्पर्धा. (इथे हिवाळा वसंतात सगळं २५ यार्डांच्या टँकमध्ये चालतं, मीटरचे टँक वेगळे, त्यांचे नियमही थोडे वेगळे, त्याची मजा पुढे सांगते.) आमच्या बॅचमधल्या चार बायकांची रिले ठरलेली होती, चौघीजणी पन्नाशीच्या पुढच्या. सगळ्यात मोठ्या ७२ वर्षांच्या, मी त्यांना मनात आजी म्हणते, तोंडावर म्हटलं तर किकबोर्ड डोक्यात बसेल. दुसऱ्या ६६, तिसऱ्या ५८ आणि चौथ्या ५६. या छप्पन्नवाल्या बाईंचा खांदा स्पर्धेच्या दोन दिवस आधी गेला. त्या आल्या, पण बर्फाची पिशवी लावून खुर्चीत बसल्या.

आजी माझ्याकडे आल्या. मी नुकतीच माझी शर्यत संपवून टॉवेल गुंडाळून केळं खात उभी होते. म्हणाल्या, तू ये चौथी. मी म्हटलं अहो मी ४१ ची, तुमचा वयोगट बिघडेल. कारण यार्डांच्या रिलेत नियम असा की चौघांत जो सगळ्यात लहान त्याच्या वयावरून गट ठरतो. १८ च्या पुढे, २५ च्या पुढे, ३५ च्या पुढे, मग ४५, ५५ असं. त्या चौघी होत्या तेव्हा ५५ च्या पुढच्या गटात होत्या, मी घुसले की अख्खी रिले धाडकन ३५ च्या पुढच्या गटात, म्हणजे ७२ वर्षांच्या आजी समोरच्या लेनमधल्या छत्तीस वर्षांच्या मुलीशी टक्कर घेणार. आजी म्हणाल्या, मेडल आहेत घरी ढीगभर, पोहायला मिळू दे. मी केळ्याचं साल टाकलं आणि टोपी चढवली.

रिलेचं एक कार्ड असतं. चार ओळी, प्रत्येक ओळीत नाव, वय, सभासद क्रमांक, वरती क्लबचं नाव. कोचने ओल्या हाताने पेन्सिलीनेच लिहिलं होतं, छप्पन्नवाल्या बाईंचं नाव खोडलं, कागद थोडा फाटला, त्याच फाटलेल्या जागेवर माझं नाव कोंबलं. टेबलावरच्या बाईंनी कार्ड घेतलं, संगणकात माझा नंबर टाकला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, या तर अनअटॅच्ड आहेत.

मला वाटलं मग काय झालं. मग काय झालं ते असं की रिलेतले चारही जण एकाच क्लबचे नोंदलेले लागतात, एकच टँक चालत नाही, एकच कोच चालत नाही, एकाच लेनमध्ये रोज सकाळी एकमेकींच्या पायाला हात लागेपर्यंत मागे मागे पोहलात तरी चालत नाही, कागदावर क्लब एक पाहिजे. आणि अनअटॅच्ड हा काही क्लब नव्हे, चार उनाड एकत्र येऊनही रिले करता येत नाही. कोचने विचारून बघितलं, आत्ता इथल्या इथे बदलता येईल का? नाही, आज नाही. टेबलावरच्या बाईंचा आवाज अजिबात चढला नाही, त्यांचं काही चुकलंही नव्हतं. कार्डावर आडवी रेघ मारली आणि पुढचं कार्ड घेतलं.

आजी काही बोलल्या नाहीत. गॉगल कपाळावरून काढून पिशवीत ठेवला. त्या दीड तास गाडी चालवून आल्या होत्या आणि त्या दिवशी त्यांची ती एकच शर्यत राहिली होती. मला इतकं ओशाळं झालं की सांगता येत नाही. एक चौकोन, तोही माझा मीच टिक केलेला, महिन्याची फी वाचावी म्हणून, जी मुळात नव्हतीच.

मग मी पेटले आणि नियम वाचायला बसले. त्या आठवड्यात जेवढे नियम वाचले तेवढे नोकरीचं काँट्रॅक्ट सही करतानाही वाचले नव्हते.

तर यातला घोळ असा आहे की आपण क्लब म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यापुढे एक जागा येते, एक टँक, एक वॉचमन, नोटीसबोर्ड. इथे मास्टर्समध्ये क्लब म्हणजे स्पर्धेतलं तुमचं आडनाव. तुम्ही राहता कुठे त्याचा आणि आडनावाचा काही संबंध असलाच पाहिजे असं नाही. सराव जिथे करता त्या गटाला वेगळं नाव आहे, वर्कआउट ग्रुप. म्हणजे एकाच मोठ्या क्लबच्या छत्राखाली वीसपंचवीस गावांतले वर्कआउट ग्रुप असू शकतात, प्रत्येकाचा टँक वेगळा, कोच वेगळा, टोप्या वेगळ्या, पण राष्ट्रीय स्पर्धेत सगळे एका नावाने. ओरेगन मास्टर्स हा असा अख्ख्या राज्यावर पसरलेला क्लब आहे. तिकडे पूर्वेला न्यू इंग्लंड मास्टर्स तर एका राज्यातसुद्धा मावत नाही. आणि शेजारीच एखादा क्लब असतो की ज्याचा टँक एक, सभासद बारा, आणि त्यातले तीन जण कायम दुखापतीवर.

आपल्याकडच्या माणसाला हे क्रिकेटवरून पटकन कळेल. रणजी ट्रॉफीत आपल्या एका राज्यातून तीन संघ खेळतात, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. नागपूरचा मुलगा महाराष्ट्रातला असून महाराष्ट्राचा नसतो. संघ बदलायचा तर आधीच्या असोसिएशनची एनओसी आणा. वसीम जाफर मुंबईकडून इतकी वर्षं खेळून विदर्भाकडे गेला आणि मग विदर्भाने लागोपाठ दोनदा रणजी जिंकली तेव्हा कुणी असं म्हणालं नाही की हे मुंबईचेच रन आहेत. ज्या संघाचा कागद त्या संघाचे रन. पोहण्यातही तेच, फक्त इथे कुणी बघत नाही आणि पैसे आपले आपण भरतो.

आता भांडण कुठे आहे ते सांगते, आणि पाण्याबाहेर काढलेल्या मास्टर्सवाल्यांना कॉफी दिली की ते या विषयावर तासभर भांडू शकतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. बारा माणसांच्या छोट्या क्लबचं म्हणणं असं की आम्ही रोज एकत्र पोहतो, आमची रिले खरी रिले. तुमचा राज्यभर पसरलेला क्लब म्हणजे चार कोपऱ्यांतून चार वेगवान माणसं उचलायची, ती राष्ट्रीय स्पर्धेच्या सकाळी एकमेकांना हाय मी अमुक म्हणणार आणि दुपारी मेडल घेणार, हा कुठला क्लब? आणि रिलेचे गुण वैयक्तिक शर्यतीच्या दुप्पट असतात, त्यामुळे ज्याच्याकडे माणसं जास्त त्याच्याकडे रिल्या जास्त आणि त्याचंच पारडं जड. मोठ्या क्लबचं म्हणणं असं की आमच्याकडे डोंगरापलीकडच्या गावात एकटाच पोहणारा सत्तर वर्षांचा माणूस आहे, त्याच्या टँकवर दुसरा मास्टर नाही, आम्ही नसतो तर तो आयुष्यभर रिले पोहलाच नसता.

दोघांचंही खरं आहे. तोडगा म्हणून राष्ट्रीय स्पर्धेत संघांची गुणतालिका दोन भागांत लावतात, स्थानिक क्लब वेगळे आणि प्रादेशिक क्लब वेगळे. गुणांपुरतं भागतं. पण रिलेचा नंबर लावताना असे दोन भाग नसतात, तिथे बारा माणसांच्या क्लबच्या चौघांना राज्यभरातून वेचलेल्या चौघांच्या शेजारच्याच लेनमध्ये उभं राहावं लागतं. माझं मत विचाराल तर मी मोठ्या क्लबच्या बाजूची आहे आणि हे मी स्वार्थाने म्हणतेय, कारण मी रेघ मारलेलं कार्ड बघितलंय. जो नियम जास्त लोकांना ब्लॉकवर, म्हणजे उडी मारायच्या ओट्यावर, उभं करतो तो मला बरा वाटतो.

मग लोक म्हणतात की दोन छोट्या क्लबांनी त्या दिवसापुरतं एकत्र यावं की, दोन तुझे दोन माझे. तसं चालत नाही. एकत्र यायचं तर खरंच एक क्लब व्हा, एक नाव घ्या. आणि नाव कुणाचं घ्यायचं इथे सगळं अडतं. दोन गल्ल्यांच्या गणपती मंडळांना सांगून बघा की या वर्षी एकच मूर्ती बसवा. मूर्तीची उंची ठरेल, वर्गणी ठरेल, पण कमानीवर कोणाचं नाव वर लिहायचं यावर दिवाळी येईल. क्लबांतही टोपीचा रंग हा मुख्य मुद्दा असतो, मी गंमत करत नाहीये.

हे सगळं मी माझ्या मामेभावाला सांगत होते, तोही पुण्यात मास्टर्स पोहतो. तो म्हणाला आमच्याकडे ही भानगडच नाही. खरंय, भारतात राष्ट्रीय मास्टर्सला संघ राज्याचा असतो, एंट्री राज्य संघटनेमार्फत जाते, त्यामुळे कोल्हापूरचा, नाशिकचा आणि पुण्याचा माणूस सरळ महाराष्ट्र म्हणून एका रिलेत उभा राहतो. पण तोच माणूस जागतिक मास्टर्सला गेला की उलटं. तिथे नियमच असा की फक्त क्लबच्या नावाने उतरायचं, देशाचा संघ ही गोष्टच नाही, अनअटॅच्डची एंट्री घेतच नाहीत, आणि एका स्पर्धेत एकाच क्लबचं नाव लावता येतं. म्हणजे इथला उनाड तिथे दारातसुद्धा उभा राहू शकत नाही. त्यामुळे तिकडून आल्यावर सोसायटीच्या गेटवर जो फ्लेक्स लागतो, भारताचं प्रतिनिधित्व केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, तो कागदोपत्री चूक आहे. मामेभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "फ्लेक्स लागलाय ना, तू कशाला बोलतेस." बरं बाई, नाही बोलत.

मी क्लब बदलला. राज्यवाल्या मोठ्या क्लबात नाव घातलं, आमची सगळी बॅच तिथेच होती, मलाच ठाऊक नव्हतं. दोन मिनिटांचं काम. निकालात नावापुढचं उनाड गेलं, आईला जरा वाईटच वाटलं असावं, तिने आमच्या फॅमिली ग्रुपवर ते नाव चालवलं होतं.

आणि मग आली ऑक्टोबरची मीटरची स्पर्धा. मीटरच्या टँकमध्ये रिलेचा गट सगळ्यात लहान माणसावरून ठरत नाही, चौघांच्या वयाची बेरीज करतात. ७२ ते ९९, १०० ते ११९, मग १२० ते १५९, १६० ते १९९, २०० ते २३९ असं चाळीस चाळीसने वर. आणि वय त्या दिवसाचं नाही, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला जे असेल ते. छप्पन्नवाल्या बाईंचा खांदा अजून बरा नव्हता, त्यामुळे चौथी मीच. कोचने परत कार्डाच्या मागे पेन्सिलीने बेरीज केली, ७२, ६६, ५८, ४१, एकूण २३७. २०० ते २३९ मध्ये बसलो. एवढ्या तीन वर्षांनी वरचा गट हुकला म्हणून आजी माझ्यावर खरोखर चिडल्या, म्हणे तुला ४४ व्हायला काय झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी वय कमी आहे म्हणून बोल लावला.

टेबलावर त्याच बाई. कार्ड घेतलं, नंबर टाकला, चष्म्यावरून बघितलं. मी श्वास धरून उभी. शिक्का वगैरे काही नसतो, नुसतं कार्ड ढिगावर ठेवलं.

मी शेवटची होते. रिलेत सगळी भीती बदलाची असते, आधी पोहणारीचा हात भिंतीला लागायच्या आत तुमचे पाय ब्लॉकवरून सुटले की चौघींची शर्यत बाद. आजी तिसऱ्या. त्यांचा स्ट्रोक एकदम संथ आणि लांब, येताहेत येताहेत असं वाटतं आणि त्या अजून पाच मीटरवरच असतात, आणि मी ब्लॉकवर वाकून पायाची बोटं कडेला रुतवून बसलेली, पोटात गोळा, मागून कोच ओरडतोय थांब थांब थांब. मी इतकी थांबले की आजींनी भिंतीला हात लावून, वर बघून, जा की गं अशा अर्थाचं काहीतरी म्हटल्यावर मी उडी मारली. एखादा सेकंद तरी तिथेच गेला असेल. आमच्या गटात दोनच रिल्या होत्या, त्यात आम्ही दुसऱ्या.

जानेवारी लागल्यावर पहिल्याच सकाळच्या बॅचला आजी टँकच्या कडेला बोटं मोजत बसल्या होत्या. रिले दर वर्षी चार वर्षांनी म्हातारी होते, हे त्यांच्या आधीच लक्षात आलेलं. २३७ आणि चार, २४१. म्हणजे या वर्षी आम्ही २४० ते २७९ मध्ये, आणि त्या गटातल्या सगळ्यात तरुण टोकाला. खांदावाल्या बाईही परत पाण्यात आल्यात, त्या चौथ्या असल्या तर बेरीज २५६, गट तोच. त्यामुळे आता माझ्या जागेवर चर्चा चालू आहे. यार्डात मी घुसले की गट ३५ वर येतो म्हणून तिथे त्या, मीटरमध्ये मी त्यांच्यापेक्षा चार सेकंद वेगवान म्हणून तिथे मी, असं सध्या ठरलंय. एप्रिलला मी बर्फाची पिशवी आणि टॉवेल धरून खुर्चीत बसणार आहे. केळी दोन नेणार आहे.